‘मग माझा नवरा कुठं आहे?’ : एका सांत्वनसभेचं प्रकरण

हे प्रकरण बेळगावातल्या एका मराठी मेथडिस्ट (अठराव्या शतकातल्या जॉन वेस्लीच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) घराचं आणि त्या घराशी जोडलेल्या बुधवारच्या प्रार्थनागटाचं. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माणसांना नात्यानंच ओळखू. ख्रिस्ती माणसं तारणाच्या, म्हणजे माणूस पापातून कसा सुटतो याच्या, शिकवणीवर भांडतात याचं नवल नाही, चारशे वर्षं भांडतायत. पण इथं भांडण झालं ते मयताच्या तिसऱ्या दिवशी, त्याच्या बायकोसमोर. आणि माझ्या मते त्यात सगळ्यात जास्त नुकसान ज्यानं केलं तो माणूस भांडलाच नव्हता.

मयत तात्या. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर, वय साठीच्या आत. बाप्तिस्मा लहानपणी झालेला. एकोणिसाव्या वर्षी संजीवन सभेत उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष दिली, पुढं काही वर्षं गायनमंडळात तबला वाजवला. मग दारू लागली. नाताळ सोडला तर वीसेक वर्षं चर्चची पायरी चढले नाहीत. शेवटी लिव्हर गेलं, तीन महिने अंथरुणाला खिळून होते. त्या काळात एकदा पाळकसाहेब भेटायला आले तर तोंड भिंतीकडं करून पडून राहिले. काकू रोज उशाशी बसून स्तोत्रं वाचायच्या. ते ऐकायचे की नाही, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशीची प्रार्थना शहापूर भागातल्या घरी. दोन खोल्या, पुढं ओसरी, तीस-पस्तीस माणसं. पाळकसाहेब धारवाडकडचे, मातृभाषा कन्नड, मराठी बेताबेतानं. त्यांच्याकडं तीन ठिकाणच्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय; सुरुवातीची प्रार्थना करून ते दुसऱ्या एका मयतीला निघून गेले. उपदेश गुरुजींनी केला. गुरुजी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, मंडळीचे स्थानिक उपदेशक, बुधवारचा गट तेच चालवतात. त्यांनी लूकचा पंधरावा अध्याय घेतला, उधळ्या पुत्राचा. तात्या शेवटी घराकडं वळले असतील, बाप वाटेकडं डोळे लावून बसलेलाच असतो, असा एकूण सूर. बायका डोळे पुसत होत्या.

मग आठवणी सांगायची वेळ झाली. तात्यांचा पुतण्या उभा राहिला. तो काही वर्षं बेंगळूरला नोकरीला होता, तिथं कॅल्विनच्या परंपरेतल्या (तारण सर्वस्वी देवाच्या निवडीनं होतं असं मानणाऱ्या) एका मंडळीत जायचा; आता घरूनच काम करतो म्हणून परतलाय. वाचणारा पोरगा, पल्लेदार बोलणारा. आधी त्यानं तात्यांनी आपल्याला तबल्यावर हात धरून कसं बसवलं ते सांगितलं. तिथंच थांबला असता तर हे प्रकरण झालंच नसतं. पण त्यानं योहानाच्या पहिल्या पत्रातलं दुसऱ्या अध्यायाचं एकोणिसावं वचन काढलं: जे आपल्यातून निघून गेले ते आपले नव्हतेच, असते तर राहिले असते. म्हणाला, “खरा विश्वास शेवटपर्यंत टिकतो. नाही टिकला तर तो नव्हताच. आपण खोट्या आशेवर राहू नये.” तात्यांचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

तात्यांची बहीण, म्हणजे पुतण्याची आत्या, पेंटेकॉस्टल सभेला जाते. तिनं बसल्या जागेवरून इब्री पत्राचा सहावा अध्याय सांगितला: ज्यांनी एकदा चाखलं आणि मग पाठ फिरवली त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडं आणणं अशक्य. “नव्हताच असं कसं? होता. माझ्यासमोर रडला होता त्या सभेत. हातातलं सोडलं त्यानं.”

गुरुजींचा पारा चढला. “काय बोलूलालास तू? तुझ्या देवानं माणसं आधीच वाटून ठेवलीत, तर मग येशू मेला कशाला?”

पुतण्याही तयारच होता. “गुरुजी, तुमच्या मते तारण माणसाच्याच हातात. मग येशूनं केलं काय?”

इतक्यात तात्यांच्या सूनबाई, खानापूर तालुक्यातल्या कॅथलिक घरच्या, हळूच म्हणाल्या, “मामांच्या नावानं आमच्या चर्चमध्ये मिस्सा सांगूया का?” मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, ती मयतासाठीही सांगतात. त्यावर गुरुजी, पुतण्या आणि आत्या तिघं एका सुरात: “आपल्यात तसलं चालत नाही.” सबंध संध्याकाळी या तिघांचं एकमत झालेलं हे एकच वाक्य, आणि ते घरातल्या सगळ्यात नव्या माणसाच्या अंगावर गेलं.

मग काकू आतल्या दारातून बोलल्या. आवाज चढवला नाही. “मग माझा नवरा कुठं आहे?”

मंडळीचे एक जुने कारभारी तिथं होते. भला माणूस, मयतीचा निम्मा खर्च त्यांनीच उचललेला. ते म्हणाले, “वैनी, ते देवाला ठाऊक. आता वाद नको. चहा आणा गं पोरींनो.”

चहा आला.

नुकसान झालं ते इथं. पुतण्याचं बोलणं कठोर होतं, चुकीच्या जागी होतं, पण त्यानं काकूंच्या नवऱ्याबद्दल काहीतरी म्हटलं तरी होतं, आणि त्याला उलटून उत्तर देता येत होतं. कारभारींनी प्रश्नच ट्रेवर ठेवून आत पाठवला. काकूंनी पुढच्या बुधवारी गटात पाऊल ठेवलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

कारभारींची ही सवय आली कुठून, हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. मंडळीत एक उपासना कन्नड, एक मराठी. एकत्र उपासना असली की गीत कुठल्या भाषेतलं आधी, फळ्यावर वचन कुठल्या लिपीत, वार्षिक सभेचा वृत्तांत कोण वाचणार, यावरून कुरबुर ठरलेली. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 चा. त्या प्रत्येक टप्प्यावर बाहेर दगड पडत असताना ही मंडळी एका टेबलावरून प्रभुभोजन घेत राहिली. ते कारभारींसारख्या माणसांमुळंच. ‘वाद नको’ या दोन शब्दांवर त्यांनी मंडळी तोलून धरली. पण सीमाप्रश्नाचा निकाल ओसरीवर बसलेल्या कुणाच्याच हातात नव्हता, म्हणून तिथं गप्प बसणं शहाणपणाचं होतं. काकूंनी विचारलं होतं ते समोर बसलेल्या माणसांनाच, आणि त्यातले निदान तिघं आयुष्यभर याच विषयावर बोलत आले होते. त्यांना अचानक ‘देवाला ठाऊक’ म्हणण्याची मुभा नव्हती. निदान एवढ्यावर थांबायची तरी नव्हती.

आपल्याकडं नम्रतेचा अर्थ मत न देणं असा घेतला जातो. आधाराला रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढतात. तो अध्याय खाण्यापिण्याबद्दल आणि सणवारांबद्दल आहे. तारणाबद्दल ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाला काही म्हणायचं असलं की तो गलतीकरांस पत्रासारखा आग ओकतो, पेत्राला तोंडावर अडवतो. या प्रकरणाला लागू पडतं ते तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं दुसऱ्या अध्यायाच्या शेवटचं: प्रभूच्या दासानं भांडू नये, सगळ्यांशी सौम्य असावं, शिकवण्यात निपुण असावं, विरोध करणाऱ्यांना सौम्यतेनं समजवावं. तिथं शिकवणं सोडलेलं नाही, समजावणंही सोडलेलं नाही.

पुढचे दोन महिने

व्हॉट्सअॅपच्या गटात पुतण्यानं एका इंग्रजी उपदेशाचा तुकडा टाकला. गुरुजींनी त्याला भलंमोठं उत्तर लिहिलं, त्यातला निम्मा मजकूर दुसरीकडून आलेला. आत्यांनी आवाजातले संदेश पाठवले. दोघांतिघांनी गट सोडला, एकानं दुसरा काढला. प्रत्येकाच्या लेखी समोरचा खऱ्या सुवार्तेपासून घसरलेला. काकू येत नाहीत हे या धामधुमीत तीन आठवडे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते पाळकसाहेबांच्या.

पाळकसाहेबांनी एका रविवारी उपासनेनंतर चर्चच्या बाजूच्या खोलीत गुरुजींना, पुतण्याला आणि आत्यांना बसवलं. कारभारी न बोलावता आले. मंडळीच्या इतिहासावर थोडं काम केलेलं म्हणून मलाही बसायला सांगितलं. सूनबाईंना बोलावलं नव्हतं, ते माझ्या मते चुकलं. त्या दिवशी एकत्र येऊन जिला गप्प केलं तिलाच पुन्हा बाहेर ठेवलं.

पाळकसाहेबांनी नियम एकच ठेवला. आपलं मत मांडायच्या आधी समोरच्याचं मत आपल्या तोंडानं सांगायचं, आणि समोरचा ‘हो, हेच म्हणतो मी’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. सकाळी अकराला बसलेली माणसं दीडला उठली.

गुरुजींनी सुरुवात केली: “याचं म्हणणं असं की देवानं काही माणसं नरकासाठीच बनवली.” पुतण्या म्हणाला, नाही. “बरं, मग विश्वास ठेवा, ठेवू नका, निवडलेला तरतो आणि न निवडलेला बुडतो.” तेही नाही. तिसऱ्या खेपेला गुरुजी थांबले, चष्मा काढून पुसला आणि हळूहळू म्हणाले, “हा म्हणतो की आपण पापात इतके मेलेलो आहोत की देवाकडं वळावंसं वाटणंसुद्धा आपल्याला जमत नाही. म्हणून ज्याचं तारण झालं त्याचं पहिल्यापासून शेवटपर्यंत देवानंच केलं, आणि देवानं सुरू केलेलं तो अर्ध्यावर टाकत नाही. बरोबर?” पुतण्या म्हणाला, “बरोबर. गुरुजी, मीसुद्धा एवढ्या सरळ कधी सांगितलं नव्हतं.”

पुतण्याची पाळी आली तेव्हा त्याला वाटलं आपलं काम हलकं आहे. “गुरुजींचं म्हणणं, माणूस स्वतःच्या इच्छेच्या बळावर विश्वास ठेवतो.” गुरुजी म्हणाले, “हे कुणी शिकवलं तुला? वेस्लीनं असं कधीच म्हटलं नाही.” मेथडिस्टांच्या शिकवणीत आदामाची संतती आपल्या बळावर देवाकडं वळूच शकत नाही, देवाची कृपा आधी येते, सगळ्यांकडं येते, बांधलेली इच्छा मोकळी करते, आणि मग माणूस हो म्हणू शकतो किंवा पाठ फिरवू शकतो. आधी येणारी कृपा, पूर्वगामी कृपा. पुतण्यानं कॅल्विनवर पुष्कळ वाचलं होतं; ज्या मंडळीत त्याचा बाप्तिस्मा झाला तिची शिकवण त्यानं विरोधकांच्या पुस्तकांतून वाचली होती. गुरुजींचंही तसंच. ‘तारण माणसाच्या हातात’ आणि ‘देवानं माणसं वाटली’ ही दोन्ही वाक्यं त्या ओसरीवर कुणाचीच नव्हती, तरी त्यांच्यावरूनच भांडण पेटलं होतं.

मी तिथं 1770 साल सांगितलं. ऑगस्टस टॉपलेडी या कॅल्विनवादी पाळकानं पूर्वनियोजनावरचं, म्हणजे कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलंय या शिकवणीवरचं, एक पुस्तक इंग्रजीत आणलं होतं. जॉन वेस्लीनं त्याचा छोटा सारांश छापला, शेवटी आपल्या पदरचं जोडलं: वीसात एक निवडलेला, एकोणीस टाकलेले, निवडलेले काहीही करोत तरणार, टाकलेले काहीही करोत बुडणार, आणि त्याखाली टॉपलेडीच्या नावाची आद्याक्षरं सही म्हणून ठोकून दिली. टॉपलेडी भडकला, आणि त्यानंही पुढं वेस्लीबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. त्याचं ‘रॉक ऑफ एजेस’ हे गीत मात्र आज मेथडिस्ट लोक डोळे मिटून गातात. आणि त्याच 1770 च्या नोव्हेंबरात वेस्लीनं आपला जुना सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड याच्या स्मरणार्थ उपदेश केला. व्हाइटफील्ड पक्का कॅल्विनवादी. 1739 मध्ये वेस्लीनं ‘मोफत कृपा’ या विषयावरचा उपदेश छापला, त्याला व्हाइटफील्डनं पुढं उघड पत्र लिहून विरोध केला होता, दोघांचे रस्ते वेगळे झाले होते. तरी त्या उपदेशात वेस्लीनं त्याचा गौरव केला आणि म्हटलं की कमी महत्त्वाच्या शिकवणींवर देवाची खरी लेकरं वेगवेगळी मतं बाळगत आलीत, तिथं असहमत राहण्याला सहमती देता येते. काही कॅल्विनवाद्यांना तेही पटलं नाही. व्हाइटफील्डला जे प्राणापलीकडं होतं तेच गाळलं, अशी त्यांची तक्रार. ती तक्रार मला अगदीच गैर वाटत नाही. पण एकाच माणसाला एकाच वर्षी दोन्ही जमलं, खोटी सहीसुद्धा आणि तो उपदेशसुद्धा, हे गुरुजींना जिव्हारी लागलं. ते म्हणाले, “म्हणजे मी त्या दिवशी पोराच्या नावानं सही केली.”

ज्याचा त्याचा कागद

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यानंतरचं.

काकूंचा प्रश्न ज्या मुद्द्यावर येतो तो मुद्दा जुना आहे: एकदा खरोखर विश्वास ठेवलेला माणूस शेवटी गमावला जाऊ शकतो का? हॉलंडमध्ये कॅल्विनच्या शिकवणीवर प्रश्न उठवणारा धर्मपंडित याकोब आर्मिनियस 1609 मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच मुद्द्यांचं निवेदन दिलं. त्याला उत्तर म्हणून डॉर्ट इथं 1618-19 मध्ये धर्मसभा बसली आणि तिनं आपले निर्णय लिहून काढले. पुतण्याची शिकवण या निर्णयांतून येते. गुरुजींची, वेस्लीच्या मार्गानं, आर्मिनियसच्या बाजूनं.

आता 1610 च्या निवेदनातला पाचवा मुद्दा बघा. विश्वासणारा कृपेतून पडू शकतो का? आर्मिनियसचे लोक तिथं ‘हो’ म्हणत नाहीत. ते म्हणतात, हे पवित्र शास्त्रातून आणखी तपासलं पाहिजे, तोवर आम्ही पूर्ण खात्रीनं शिकवू शकत नाही. पुढं काही वर्षांनी त्यांचं मत पक्कं झालं, ते वेगळं. पण ज्या वादाचं नाव घेऊन गुरुजी ओसरीवर तावातावानं बोलले, त्या वादाच्या पहिल्याच कागदावर त्यांच्याच बाजूनं ‘अजून खात्री नाही’ असं लिहून ठेवलेलं आहे.

डॉर्टचे निर्णय पुतण्याच्या मोबाइलवरच होते. पाळकसाहेबांनी त्याला पहिल्या विभागाचं चौदावं कलम मोठ्यानं वाचायला सांगितलं. देवाच्या निवडीची शिकवण मंडळीत जरूर सांगावी, पण विवेकानं, योग्य वेळी आणि योग्य जागी, देवाच्या लोकांच्या सांत्वनासाठी, देवाच्या गूढ मार्गांत नाक न खुपसता, असा त्याचा आशय. मग तिसऱ्या-चौथ्या विभागाचं पंधरावं. ज्यांनी उघड विश्वास कबूल केला आणि जीवन सुधारलं त्यांच्याबद्दल आपण चांगलंच बोलावं, कारण अंतःकरणाच्या आतल्या खोल्या आपल्याला दिसत नाहीत. ज्यांना अजून पाचारण झालं नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. आणि कुणाहीपुढं तोरा मिरवू नये, जणू आपलं वेगळेपण आपणच घडवलं आहे.

पुतण्या वाचून झाल्यावर थोडा वेळ फोनकडंच बघत राहिला. मग म्हणाला, “तात्यांनी जीवन सुधारलं असं नाही ना म्हणता येत.” मुद्दा खरा होता, पाळकसाहेबांनी तो टाळला नाही. म्हणाले, “सुधारलं म्हणून सांगायला नको. पण आतली खोली बघितल्यासारखं सांगायचं, ते कुठल्या कलमात आहे?” हे ते कन्नडमध्ये बोलले. इथं सगळ्यांना दोन्ही कळतं, आणि अवघड जागी माणूस आपल्या भाषेत शिरतो.

मला स्वतःला कॅल्विनची बाजू पूर्ण पटत नाही. पण या मुद्द्यावर गर्वाला सगळ्यात कमी जागा त्या शिकवणीतच उरते, हे मान्य करायला हवं. माझं तारण, माझा विश्वास, एवढंच काय शास्त्र समजण्याची माझी बुद्धी, सगळं जर फुकट दिलेलं असेल, तर ज्याला ते समजलं नाही त्याच्यावर डाफरण्याचा हक्क कुठून आणायचा? डाफरणारा कॅल्विनवादी स्वतःच्याच शिकवणीविरुद्ध साक्ष देतो.

मेथडिस्टांचा कागद गुरुजींकडं होता. 1784 मध्ये वेस्लीनं अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस कलमं छाटून चोवीस केली, त्यात पूर्वनियोजनावरचं सतरावं कलम वगळलं. पण नीतिमान ठरल्यानंतर (देवापुढं निर्दोष गणलं गेल्यानंतर) केलेल्या पापाबद्दलचं कलम ठेवलं, ते आज त्यांच्याकडं बारावं आहे. त्याचं सांगणं असं: पवित्र आत्मा मिळाल्यावरही माणूस कृपेपासून दूर जाऊन पापात पडू शकतो, आणि देवाच्या कृपेनं पुन्हा उठून आपलं जीवन सुधारू शकतो, अशांना क्षमेचं दार बंद आहे असं म्हणणारे चुकतात. आत्यांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, “मग इब्री सहाचं काय करायचं?” त्याचं उत्तर त्या दिवशी निघालं नाही.

मी बेळगावची एक गोष्ट पुढं ठेवली. इथलं मिशन 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलरनं सुरू केलं. ती सोसायटी 1795 ची, मुख्यतः काँग्रेगेशनल (प्रत्येक मंडळीनं आपला कारभार स्वतः बघावा असं मानणाऱ्या) लोकांची, आणि तेव्हाचे ते लोक बहुतेक कॅल्विनच्या विचाराचे. 1904 मध्ये सोसायटीनं इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडं सोपवलं. म्हणजे याच शहरात आजोबा एका शिकवणीत वाढले आणि नातू दुसऱ्या, तेही कुणी वाद न जिंकता, दोन मिशनांच्या करारामुळं. कारभारींचं घराणं त्या पहिल्या काळातलं. ते पहिल्यांदा बोलले: “म्हणजे माझे पणजोबा या पोराच्या बाजूचे होते म्हणायचं.” सगळे हसले, पुतण्यासुद्धा. मला ते हसू मोलाचं वाटलं, पण त्यावरून ‘म्हणजे दोन्ही सारखंच’ असं कुणी म्हणू लागला तर मी अडवीन. सारखं नाही. एकानं म्हटलेलं खरं असेल तर दुसऱ्याचं त्या जागी चूक आहे.

चर्चच्या पातळीवरही फरक न पुसता हे करून दाखवलेलं आहे. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, मंडळ्यांचा जागतिक संघ त्यात आला. उरलेले फरक त्यात नाव घेऊन मांडले आहेत. सोळाव्या शतकात एकमेकांवर टाकलेले शाप, त्या जाहीरनाम्यात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, एवढंच म्हटलंय. तिथं पोचायला दशकानुदशकं चर्चा लागली. हे मी सूनबाईंसाठी सांगितलं, त्या नसताना.

काकूंकडं

पुढच्या आठवड्यात गुरुजी आणि पुतण्या दोघं मिळून काकूंकडं गेले. सूनबाई होत्या, पाळकसाहेब होते, मी होतो. पुतण्या म्हणाला, “काकू, मी त्या दिवशी बोललो ते इथं बोलायचं नव्हतं. आणि तात्यांच्या मनातलं मला माहीत असल्यासारखं बोललो, ते मला माहीत नाही. शिकवण मी बदललेली नाही.” शेवटचं वाक्य कशाला, असं मला क्षणभर वाटलं. पण काकूंनी मान हलवली ती त्याच वाक्यावर. गुळमुळीत माफी त्यांना नकोच असावी.

गुरुजींनीही ‘तात्या स्वर्गात आहेत’ असं म्हटलं नाही. म्हणाले, “वैनी, आम्ही सगळे त्यांच्याबद्दल बोललो. तुम्ही तीन महिने उशाशी होतात, तुम्हाला कुणी विचारलंच नाही.”

काकू म्हणाल्या, एक्कावन्नावं स्तोत्र वाचताना, मला तुझ्यासमोरून टाकून देऊ नकोस, तुझा आत्मा काढून घेऊ नकोस, अशी विनवणी येते तिथं ते म्हणायचे, परत वाच. रोज म्हणायचे असं नाही. शेवटच्या पंधरवड्यात बऱ्याचदा.

मग जे झालं ते लिहायलाच हवं. हेच स्तोत्र आणि हीच ओळ दोन्ही बाजूंच्या वादात हमखास येते. गुरुजींना त्यात पडलेला माणूस उठताना दिसला: आत्मा जाऊ शकतो म्हणूनच दावीद घाबरला, आणि घाबरून हाक मारली. पुतण्याला त्यात न सुटलेला हात दिसला: डॉर्टच्या पाचव्या विभागात दाविदाचंच उदाहरण आहे, भयंकर पडला तरी देवानं त्याला सोडलं नाही, आणि ही हाक मारावीशी वाटणं हेच त्याचं चिन्ह. दोघांनी काकूंसमोर हे सांगितलं, आवाज न चढवता, एकमेकांचं तोडून न काढता. काकूंनी दोन्ही ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे आशा धरायला हरकत नाही ना?” दोघं म्हणाले, नाही. दोघांची कारणं वेगळी होती आणि काकूंना ते कळत होतं.

मिस्साबद्दल एकमत झालं नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना शास्त्राला धरून नाही, असं गुरुजींनी सूनबाईंना समोर बसून सांगितलं, कारणं दिली, आणि त्यांची कारणंही ऐकून घेतली. सूनबाईंनी एक गोष्ट सांगितली ती गुरुजींना नवी होती: कॅथलिक चर्च कितीतरी लोकांना संत म्हणून जाहीर करतं, पण अमुक एक माणूस नरकात आहे असं आजवर कुणाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. पुतण्या म्हणाला, “हे मात्र घेण्यासारखं आहे.” सूनबाईंनी माहेरच्या चर्चमध्ये मिस्सा सांगितली. काकू गेल्या, मागच्या बाकावर बसल्या. गुरुजी गेले नाहीत.

आत्या अजून रागावलेल्या आहेत. त्यांचं म्हणणं, भावाबद्दल एवढी मऊ भाषा वापरली तर दारू पिणाऱ्या बाकीच्यांना धाक कसला राहणार. माझ्या मते हा या सगळ्यातला सगळ्यात तगडा आक्षेप आहे. इब्री पत्राच्या लेखकानंही तो इशारा कुणाला तरी जागं करायलाच लिहिला होता, पण जिवंत माणसांना.

व्यासपीठावरून डॉर्टची शिकवण देता येणार नाही, हे पाळकसाहेबांनी पुतण्याला स्पष्ट सांगितलं. मंडळी मेथडिस्ट आहे. त्यानं ते मानलं, आणि रविवारी संध्याकाळी तो दुसऱ्या मंडळीतही जातो. बुधवारचा गट पुन्हा भरतो, काकूंच्या घरी. पाळकसाहेबांचा नियम तिथं चालू ठेवलाय. पुढच्या बुधवारी इब्री पत्राचा सहावा अध्याय आहे. आत्यांना निरोप गेला आहे, आणि त्यांची बाजू मांडायचं काम पुतण्याकडं दिलंय.